कैलासपती : खोडावर फुलणारे झाड

कैलासपतीचे झाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न असा : ही फुले या झाडाचीच, की खोडावर चढलेल्या एखाद्या वेलीची? शंका रास्त आहे. वर पाहावे तर फांद्यांच्या टोकांना नुसती हिरवी पाने, फुलाचा मागमूस नाही. समोर पाहावे तर खोडाला वेढून राहिलेले काटक्यांचे जंजाळ आणि त्या काटक्यांवर मांसल पाकळ्यांची मोठमोठी गुलाबी-लाल फुले. त्यांच्यातच मधूनमधून लोंबणारे तपकिरी गोळे, नारळाच्या तोडीचे. झाडाचे आणि या फुलाफळांचे काही नाते असेल, असे पटकन वाटतच नाही.

पण फुले झाडाचीच आहेत आणि गोळेही त्याचेच. या झाडात जे जे चमत्कारिक वाटते, त्याच्या मुळाशी दोन साधी कामे आहेत. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात पोचले पाहिजेत, आणि तयार झालेले बी झाडाच्या सावलीबाहेर गेले पाहिजे. जागचे हलता न येणाऱ्या झाडाला ही दोन्ही कामे दुसऱ्यांकडून करून घ्यावी लागतात. कैलासपती ती कोणाकडून करून घेतो आणि कशी, हे या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. हे झाड मूळचे कुठले?

नाव कैलासपती, वस्ती बहुतेक शंकराच्या देवळाच्या आवारात. त्यामुळे हे झाड अस्सल भारतीय, किंबहुना पुराणकाळापासूनचे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा टोकाचा पट्टा हे आहे. गयाना, सुरिनाम, व्हेनेझुएला, कोलंबिया आणि ब्राझीलमधले अ‍ॅमेझॉनचे खोरे, अशा उष्ण, दमट, सखल प्रदेशांतल्या जंगलांत ते आपोआप वाढते. तिथे त्याची उंची ३५ मीटरपर्यंत, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीइतकी जाऊ शकते. बागेत वाढणारी झाडे सहसा इतकी उंच होत नाहीत.

त्याला शास्त्रीय नाव दिले ते फ्यूझे ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. १७६२ ते १७६४ ही वर्षे त्याने फ्रेंच गयानात वनस्पती गोळा करण्यात घालवली आणि १७७५ मध्ये पॅरिसहून तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'कोरूपिटा गियानेन्सिस' हे नाव त्या ग्रंथातले. नावाचा दुसरा शब्द गयानावरूनच आलेला आहे.

झाड कुठले हे ठरवायला वनस्पतिशास्त्राकडे एक सोपी कसोटी आहे. त्याची जवळची भावंडे कुठे आहेत, ते पाहायचे. कोरूपिटा या प्रजातीत मोजक्याच जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडातल्या उष्ण पट्ट्यातल्या आहेत. आशियातल्या रानात यांपैकी एकही आपोआप उगवलेली सापडत नाही. आपल्याकडे हे झाड भेटते ते देवळात, बागेत किंवा रस्त्याकडेला, कोणीतरी हाताने लावलेले. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणि बंगळुरूच्या लालबागेत ते निवांतपणे पाहता येते.

२. फुले फांदीवर सोडून खोडावर का?

आंबा, बहावा, गुलमोहर या आपल्या रोजच्या ओळखीच्या झाडांचा मोहोर कोवळ्या फांद्यांवर येतो. फुले तिथेच येतात, अशी आपली नजर तयार झालेली असते. पण फुलाचा डोळा जुन्या लाकडातूनही फुटू शकतो. खोडाच्या सालीखाली जिवंत पेशींचा थर असतो आणि त्यातून काही झाडांना थेट फुलोरा फुटतो. अशा फुलण्याला खोडफुलोरा म्हणू.

खोडफुलोऱ्याची झाडे आपल्याला नवी नाहीत. फणस खोडाला लागतो. उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने येतात. कोकण-गोव्यात परसात असणाऱ्या बिलिंबीची आंबट फळेही खोडालाच लगडलेली असतात. चॉकलेट ज्याच्या बियांपासून होते, त्या कोकोचेही तेच.

यात झाडाचा फायदा काय? पहिला फायदा वजनाचा. कैलासपतीचे फळ २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचे होऊ शकते. इतके जड फळ फांदीच्या शेंड्याला वर्षभर टांगून ठेवले तर फांदी मोडेल. खोडाला त्याचा भार जाणवत नाही. दुसरा फायदा जागेचा. घनदाट जंगलात शेंड्याकडे पानांची दाटी असते, त्या मानाने खोडाभोवती मोकळी जागा असते. तिथली फुले उडत्या कीटकांना सहज सापडतात.

आता त्या काटक्यांच्या जंजाळाकडे वळू. यातली प्रत्येक काटकी हा एक फुलोरा, म्हणजे फुले धरणारा दांडा आहे. तो टोकाकडे लांबत जातो. बुडाकडच्या कळ्या आधी उमलतात, टोकाकडच्या नंतर. फुले गळून गेल्यावर दांड्यावर त्यांच्या देठांच्या खुणा उरतात. म्हणून मागे सरकत पाहिले की एकाच दांड्यावर तीन काळ दिसतात : बुडाशी जुन्या खुणा, मध्ये आजची फुले, टोकाला उद्या-परवाच्या कळ्या. काही फुलोरे हातभर लांब होतात, काही त्याहूनही मोठे. झाड जोमात असले की खोडाची साल दिसेनाशी होते. चांगल्या बहरात एका झाडावर एका दिवशी हजारापर्यंत फुले असू शकतात.

३. एक फूल हातात घेऊन

झाडाखाली सकाळी ताज्या फुलांचा खच पडलेला असतो. फूल एका दिवसाचे असते, आणि गळताना पाकळ्या व पुंकेसर एकत्रच गळून पडतात. त्यातले एक उचलून घ्यावे आणि पुढचे वर्णन ताडून पाहावे.

पाकळ्या मोजा. सहा भरतील. त्या जाड, मांसल आहेत. बाहेरून पिवळसर आणि आतून गुलाबी-लाल. वास घेऊन पाहा. तो गोड आणि दणकट आहे, आणि रात्री व पहाटे तो सर्वांत जास्त दरवळतो.

आता मधला भाग पाहा. इथे ठळकपणे तीन गोष्टी दिसतात. पाकळ्यांच्या मधोमध आखूड केसरांची एक दाट चकती आहे आणि तिच्या मधोमध भोक आहे. म्हणजे ती चकती नसून कडे आहे. कड्याच्या एका बाजूने एक पसरट, मांसल पट्टी निघते. ही पट्टी पुढे जाऊन वर वळते आणि कड्यावर झुकते. तिच्या टोकाला लांबट केसरांची झुपकेदार झालर आहे. या पट्टीला आपण फणा म्हणू. वरून फणा, खाली कडे आणि दोघांमध्ये बोट जेमतेम शिरेल एवढी फट, अशी ही रचना आहे.

कडे आणि फणा हे दोन्ही पुंकेसरांचेच बनलेले आहेत. पुंकेसर म्हणजे फुलाचा नर भाग. त्याच्या टोकावरच्या पिशवीत पराग असतात. बहुतेक फुलांत पुंकेसर चहूबाजूंनी सारखे असतात. कैलासपतीत मात्र ते एका बाजूला वाढून फणा झालेले आहेत. त्यामुळे या फुलाचे दोन सारखे अर्धे करायचे तर कात्री फणेच्या मधून एकाच रेषेत चालवावी लागते. जास्वंदीच्या फुलासारखे ते चहूकडून सारखे नाही.

स्त्रीकेसर, म्हणजे मादी भाग, कड्याच्या भोकात असतो. पराग झेलणारे त्याचे टोक म्हणजे कुक्षी. कुक्षीच्या खाली अंडाशय असतो आणि त्याचेच पुढे फळ होते. फूल गळाले तरी अंडाशय देठाशी फुलोऱ्यावरच राहतो. जमिनीवरच्या फुलाच्या कड्यात भोक रिकामे का, याचे उत्तर हेच. तो तुकडा झाडाने स्वतःकडे ठेवलेला आहे. खोडावरच्या फुलात वाकून पाहिले तर तो भोकात बसलेला दिसतो.

४. मध नाही, मग भुंगा येतो कशाला?

फुलाकडे कीटक मधासाठी जातात, हे आपण शाळेत शिकतो. कैलासपतीच्या फुलात मध नाही. एवढा सुगंध, एवढा रंग आणि आत मधाचा थेंबही नाही. तरी भुंगे येतात, कारण पराग हेसुद्धा अन्न आहे. त्यात प्रथिने असतात आणि भुंगे व मधमाश्या आपल्या पिलांना ते भरवतात.

इथे झाडापुढे पेच उभा राहतो. पराग हे झाडाचे बीजधारणेचे साधन आहे. तेच भुंग्याने पोटासाठी गोळा करून नेले तर दुसऱ्या फुलाला पोचणार काय? आणि पराग द्यायचेच नाहीत म्हटले तर भुंगा फिरकणार नाही.

हा पेच शेतकऱ्याला चांगला कळेल. घरात आलेले सगळे धान्य खाऊन संपवले तर पुढच्या वर्षी पेरायचे काय? म्हणून तो खळ्यावरच दोन वाटे करतो. निवडक कणसांचे बियाणे वेगळे काढून राखून ठेवतो आणि बाकीचे धान्य खायला घेतो. कैलासपतीने नेमके हेच केले आहे. कड्यातल्या आखूड केसरांचे पराग हे त्याचे बियाणे. बीजधारणा होते ती त्यांच्याने. फणेतल्या केसरांचे पराग हे खायचे धान्य. ते भुंग्यासाठी असतात आणि बीजधारणेच्या कामाचे नसतात. एकाच फुलात दोन ठिकाणी, दोन कामांसाठी, दोन प्रकारचे पराग.

आता भुंगा फुलावर आल्यावर काय होते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

भुंगा वासाच्या मागाने येतो आणि कडे व फणा यांच्यामधल्या फटीत शिरतो. त्याला हवे असलेले पराग फणेत आहेत. म्हणून तो फणेकडे तोंड आणि पाय करून ते खरवडू लागतो. फट अरुंद आणि भुंगा जाडजूड असल्यामुळे त्याची पाठ आपोआप कड्यावर घासली जाते. कड्यातले पराग त्याच्या डोक्यावर आणि पाठीच्या लवेवर बसतात. पायांनी तो खाऊ गोळा करत असतो आणि त्याच वेळी पाठीवर झाडाचे बियाणे चढत असते. पायांवरचे पराग तो घरी नेणार, पण पाठीवरचे सगळे त्याला झाडता येत नाहीत. पुढच्या फुलात शिरताना तीच पाठ कड्याच्या मधोमध असलेल्या कुक्षीला लागते आणि काम फत्ते होते.

या कामाला अंगाने मोठा कीटक लागतो. फटीत पाठ घासली गेली नाही तर सगळी योजना फसेल. दक्षिण अमेरिकेत हे काम मुख्यतः सुतारभुंगे करतात. वाळल्या लाकडात गोल भोक पाडून घर करणारे, मोठा घूं आवाज करत फिरणारे काळे भुंगे ते हेच. त्यांचे भाऊबंद आपल्याकडेही सर्वत्र आहेत. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या झाडाला इथेही फळे धरतात, त्यामागे असे पाहुणे लागतात.

५. हजार फुले आणि थोडीशी फळे

एका दिवशी हजारापर्यंत फुले, तर मग झाडाला फळे किती लागावीत? भरघोस झाडावर दीडशेपर्यंत फळे मोजली गेली आहेत. एक साधा हिशेब करू. समजा एका झाडावर रोज सरासरी १०० फुले उमलतात आणि बहर १०० दिवस टिकतो. एकूण फुले झाली १०,०००. त्यातून १०० फळे धरली तरी प्रमाण पडले शंभरात एक. उरलेली नव्व्याण्णव फुले वाया गेली का? तसे नाही. त्या फुलांचे पराग भुंग्यांच्या पाठीवरून इतर झाडांपर्यंत गेले, आणि त्यांच्या वासाने भुंगे झाडाकडे येत राहिले. शिवाय एकेक फळ वाढवायला झाडाला इतकी शक्ती खर्चावी लागते की प्रत्येक फुलाचे फळ करणे त्याला पेलणारच नाही.

फळ पिकायला वर्षभर लागते, कुठे कुठे दीड वर्षही. म्हणून एकाच खोडावर कळ्या, फुले, लिंबाएवढी कोवळी फळे आणि गेल्या वर्षीची पूर्ण वाढलेली फळे एकत्र दिसतात. फळाचे कवच लाकडासारखे कठीण, खरबरीत आणि तपकिरी असते. युरोपीय लोकांना ते पाहून तोफेचा गोळा आठवला आणि इंग्रजीत झाडाचे नाव कॅननबॉल ट्री पडले.

कवचाच्या आत पांढरट गर असतो आणि त्यात बिया रुतलेल्या असतात. लहान फळात साठ-पासष्ट, तर मोठ्या फळात साडेपाचशेपर्यंत. फळ फोडले की दोन गोष्टी लगेच घडतात. एक, गराला हवा लागते आणि तो निळसर-हिरवा पडू लागतो. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन हा रंग येतो. या झाडात इंडिरुबिन हे द्रव्य सापडते, आणि ते कापडाच्या निळीचे रासायनिक भावंड आहे. दुसरी गोष्ट, उग्र दुर्गंध सुटतो. ज्या झाडाच्या फुलांचा इतका सुवास, त्याच्याच फळाला असा वास यावा याचे नवल वाटते. पण फुलाचे गिऱ्हाईक वेगळे आणि फळाचे वेगळे.

६. दुर्गंध कोणासाठी?

पिकलेले फळ उंचावरून दाणकन जमिनीवर पडते आणि बहुधा पडतानाच फुटते. गराचा वास जंगलभर पसरतो. दक्षिण अमेरिकेत त्या वासाने येणारे प्राणी म्हणजे पेक्करी नावाची रानडुकरासारखी जनावरे आणि आगूटी, पाका हे मोठे कुरतडणारे प्राणी. ते गर खातात आणि गराबरोबर बियाही पोटात जातात.

बी पोटात गेले की पचून नष्ट होण्याचा धोका असतो. कैलासपतीच्या बियांवर बारीक केसांचे आवरण असते आणि जनावराच्या पोटातून जाताना या केसांमुळे बीला संरक्षण मिळते, असे मानले जाते. जनावर फिरत फिरत दूर जाते आणि बी विष्ठेतून तिथे पडते. आयते खतही मिळते. सुरुवातीला सांगितलेले दुसरे काम, बी झाडाच्या सावलीबाहेर नेण्याचे, इथे पुरे होते.

आपल्या देवळांच्या आणि बागांच्या आवारात हे प्राणी नाहीत. तिथे पडलेले फळ जागीच कुजते किंवा झाडलोटीत कचऱ्यात जाते. म्हणून इतकी फळे धरूनही कैलासपतीची रोपे इथे आपोआप रुजून रानभर पसरलेली दिसत नाहीत. इथे त्याचे बी नेऊन पेरणारा एकच प्राणी आहे, तो म्हणजे माणूस.

माणसाने हा गर खाऊ नये. झाडाच्या मूळ प्रदेशात फळे डुकरांना आणि कोंबड्यांना घालतात आणि रिकाम्या करवंट्या भांड्यांसारख्या वापरतात. झाडाच्या सालीचे, पानांचे, फुलांचे औषधी उपयोग सांगणारे पुष्कळ भेटतात. वैद्याच्या सल्ल्यावाचून असले प्रयोग करू नयेत.

७. पाने एकाएकी गळाली, झाड वाळले का?

हा प्रश्न झाडाची देखभाल करणाऱ्यांना पडतो. काल हिरवेगार असलेले झाड आठवड्याभरात खराट्यासारखे होते. खोडावर फुले मात्र तशीच. घाबरून जाण्याचे कारण नाही. कैलासपती वर्षातून एकाहून अधिक वेळा सगळी पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पूर्ण पालवतो. पळस किंवा पांगारा जसे उन्हाळ्यात महिनोन् महिने निष्पर्ण राहतात, तसे इथे होत नाही.

पानेही ओळखीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ती साधी, लांबट आणि बहुधा वीतभर असतात, आणि फांद्यांच्या टोकांना गुच्छाने येतात. फुले नसलेल्या तरुण झाडाची ओळख या टोकाच्या गुच्छांवरून पटते.

८. नाग, पिंडी आणि शालवृक्ष

फुलातली फणा म्हणजे नाग, कड्याच्या मधोमधचा स्त्रीकेसर म्हणजे पिंडी, आणि कड्यातले असंख्य आखूड केसर म्हणजे भोवती बसलेले ऋषिमुनी. भाविकाच्या नजरेला या फुलात शंकराचे देऊळ दिसले आणि झाड देवळात आले. तमिळ आणि कन्नड भागांत त्याला नागलिंग म्हणतात, ते यावरूनच. ज्या मातीत हे झाड जन्मले नाही, तिथे त्याला इतक्या मायेने जागा मिळाली, ही आपल्या लोकांच्या निरीक्षणाची साक्ष आहे. फुलाचे इतके बारकाईने निरीक्षण केल्याशिवाय हे रूपक सुचत नाही.

श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात हेच झाड बौद्ध विहारांच्या आवारात असते, कारण तिथे त्याला शालवृक्ष समजले जाते. गौतम बुद्धांचे महापरिनिर्वाण कुशीनगरात दोन शालवृक्षांमध्ये झाले, अशी परंपरा आहे. तो शाल म्हणजे उत्तर आणि मध्य भारताच्या जंगलांतला, इमारती लाकडाचा साल. त्याची फुले लहान, फिकट पिवळी, पाच पाकळ्यांची आणि फांद्यांच्या टोकांना येणारी. फळाला पंख असतात आणि ते वाऱ्यावर गिरक्या घेत जाते. कैलासपतीशी त्याचे दूरचेही साम्य नाही.

मराठीतही दोन गोंधळ टाळायला हवेत. नागचाफा किंवा नागकेशर हे वेगळे झाड आहे. त्याची फुले चार पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असलेली. आणि शिवलिंगी या नावाने ओळखली जाते ती एक वेल आहे. पिंडीसारखा आकार तिच्या बियांना असतो.

९. सह्याद्रीतले सगेसोयरे

कैलासपती परदेशी असला तरी त्याचे कूळ आपल्याला अनोळखी नाही. या कुळात दक्षिण अमेरिकेतला ब्राझील नट येतो, आणि त्याच कुळात आपल्या सह्याद्रीतला कुंभाही येतो. आधी गळणाऱ्या पानांनी तांबूस होणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणारा हा कुंभा डोंगरात फिरणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. त्याचे फूल हातात घ्या. असंख्य केसर, तळाशी एकमेकांना जोडलेले. ही या कुळाची खूण. फरक इतकाच की कुंभ्याचे केसर चहूकडे सारखे पसरतात आणि कैलासपतीत ते एका बाजूला वळून फणा होतात. कोकण-गोव्यात पाणथळ जागी आणि खाड्यांच्या आसपास आढळणारा समुद्रफळही याच कुळातला. लांब लोंबत्या दांड्यावर तो रात्री फुलतो आणि सकाळी फुलांचा सडा खाली टाकतो.

कुंभ्याचे शास्त्रीय नाव 'करेया आर्बोरिया'. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी हे प्रजातीनाम आपले मित्र विल्यम केरी यांच्या सन्मानार्थ ठेवले. बंगालमधल्या श्रीरामपूरचे हे मिशनरी वनस्पतींचे जाणकार होते, आणि १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापणारेही तेच. ज्यांनी मराठीचे व्याकरण छापले, त्यांचे नाव आपल्या डोंगरातल्या एका झाडाला कायमचे मिळालेले आहे.

१०. लावायचे असेल तर

कैलासपतीला ऊब, ऊन, भरपूर पाणी आणि निचऱ्याची खोल जमीन लागते. कोकण, गोवा आणि मुंबईचे हवामान त्याला मानवते. घाटावर लावायचे असेल तर पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाण्याची हयगय करू नये.

रोप बियांपासून होते. पिकून पडलेले फळ फोडावे, बिया गरातून वेगळ्या करून धुवाव्यात आणि ताज्या असतानाच पेराव्यात. गराचा वास हाताला राहतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे.

जागा निवडताना मात्र खरी काळजी घ्यायला हवी. पडणाऱ्या वस्तूचा वेग प्रत्येक सेकंदाला जवळजवळ १० मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. पाच मीटर उंचीवरून निघालेले फळ साधारण एका सेकंदात जमिनीवर येते, म्हणजे आदळताना त्याचा वेग सेकंदाला १० मीटर असतो. तासाचा हिशेब केला तर हे ३६ किलोमीटर झाले. इतक्या वेगाने आलेला लाकडी कवचाचा गोळा डोक्यात बसला तर जिवावर बेतू शकते. म्हणून हे झाड रस्त्याकडेला, शाळेच्या फाटकाशी, वाहने लावायच्या जागी किंवा देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लावू नये. प्रशस्त आवाराच्या कोपऱ्यात, वाटेपासून पाच-सहा मीटर आत लावावे आणि खोडाभोवती बुटके कुंपण करावे. झाड आधीच वाटेवर असेल तर ते तोडण्याचे कारण नाही. उंचावरची फळे वाढू लागताच माळ्याकडून काढून घ्यावीत.

आणखी दोन गोष्टी देखभाल करणाऱ्यांना सांगायला हव्यात. खोडावरचे काटक्यांचे जंजाळ बांडगूळ समजून छाटू नका. ते फुलोरे आहेत आणि ते गेले की फुले गेली. पूजेसाठी फूल हवे असेल तर एकच फूल देठापासून अलगद खुडा, दांड्याचे टोक मोडू नका. पुढच्या सगळ्या कळ्या त्या टोकातून यायच्या असतात.

देवळाच्या किंवा शाळेच्या मोठ्या आवारात झाडे लावायचा विचार चालू असेल, तर एका कोपऱ्यात कैलासपती लावा आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुंभा लावा. एक दूरदेशीचा पाहुणा, दुसरा आपल्या डोंगरातला त्याचाच सोयरा. दोन्ही फुलू लागली की मुलांच्या हातात दोघांचे एकेक फूल द्या आणि केसर कुठे सारखे पसरले, कुठे वळून फणा झाले, हे त्यांचे त्यांना शोधू द्या. वनस्पतिशास्त्राचा इतका सोपा आणि इतका सुंदर धडा दुसरा मिळणे कठीण आहे.